लांबचा गोल

"सुटला! साळोखेच्या हातातनं पुन्हा सुटला! मंडळी, हा गोलकीपर न्हवं, ही चाळण हाय चाळण!"

टीव्हीतून इंगवले सरांचा आवाज आला आणि शेजारच्या जरीनाभाभीच्या घरात, पुढच्या सोप्यात बसलेल्या आम्ही सात-आठ बायकांनी एकच कालवा केला. भाभीनं तर सोलत असलेला लसूण ताटात आपटला.

"खोटं हाय हे! बॉल खड्यावर आपटून वळला की. त्यानं हात लावायच्या आधी वळला. सगळ्यांनी बघितलं!"

सगळ्यांनी म्हणजे सगळ्यांनी नव्हे. टीव्हीला अगदी खेटून माझ्या सासूबाई बसल्या होत्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यातल्या एकाचं ऑपरेशन झालेलं आणि तेही बिघडलेलं. पडद्यावर त्यांना नुसता उजेड हलताना दिसायचा. त्या मॅच ऐकायच्या. आणि सर ज्याला चाळण म्हणत होते, तो चिंचबाग तालमीचा गोलकीपर त्यांचा एकुलता एक मुलगा होता. म्हणजे आमचे हे.

"सुनंदा, खरंच सुटला काय गं?"

"न्हाई आत्ती. खड्यावर आपटला."

"मग मास्तर का असं बोलालाय?"

"मास्तरास्नी काय धाड भरलीया कुणास ठाऊक."

"असं बोलू नगंस. वीस वर्सं बोलतोय तो माणूस. त्याला काय बॉल कळत न्हाई?"

 मला बॉल कळायला लागला तोही इंगवले सरांमुळंच, हे नाकारून कसं चालेल?

ही दोन हजार सालची गोष्ट. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. पेठेपेठेतल्या तालमींचे संघ, आणि मॅचच्या दिवशी गल्लीत औषधालाही पुरुष सापडायचा नाही. सगळे स्टेडियमवर. बायकांनी तिकडं जायची पद्धत नव्हती. मग गावच्या केबलवाल्यानं मॅच घरी दाखवायला सुरुवात केली आणि इंगवले सर आमच्या घरात आले. शाळेतले पीटीचे निवृत्त मास्तर. आधी स्टेडियमच्या भोंग्यावर बोलायचे, मग सायंदैनिकात लिहायला लागले, मग केबलवर. ऑफसाइड म्हणजे काय, हे त्यांनी आम्हाला भाजीवालीच्या रांगेचं उदाहरण देऊन समजावलं होतं. गावातल्या पोरींशी पहिल्यांदा कुणी खेळातलं माणूस समजून बोललं असेल तर ते सर.

गंमत अशी की ज्या पुरुषांच्या खेळावर सर बोलायचे त्यांना मैदानावर त्यातला एक शब्द ऐकू यायचा नाही. ऐकायच्या फक्त बायका आणि म्हातारी माणसं. त्यामुळं सर कुठं चुकतात, हेही आम्हालाच कळायचं. गेली दोन वर्षं ते फार चुकायला लागले होते. कॉर्नरला गोलकिक म्हणायचे, एकाचं नाव दुसऱ्याला चिकटवायचे. भाभीनं कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांच्या चुकांची यादीच धरली होती. नवऱ्यांना दाखवली तर ते हसायचे. "तुमास्नी काय कळतंय त्यातलं? इंगवले सर म्हणजे इंगवले सर."

आणि सर जे नाव ठेवतील ते गावभर व्हायचं. आमच्या ह्यांना त्यांनी 'चाळण' म्हटलं ते हंगामाच्या दुसऱ्या मॅचला. सहाव्या मॅचपर्यंत शाळेतली पोरं आमच्या दारावरून तसं ओरडत जायला लागली.

ती सेमीफायनल आम्ही दोन-एकनं जिंकलो. गावानं गुलाल उधळला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती दार उघडायला गेल्या आणि त्यांच्या हाताला कडीला काहीतरी अडकवलेलं लागलं. त्यांनी ते चाचपलं. पिठाची चाळण होती. कुणीतरी सुतळीनं घट्ट बांधून गेलं होतं.

 आत्तींनी ती सोडून आत आणली, परातीशेजारी ठेवली. हे उद्यमनगरात लेथवर कामाला जायचे. डबा घेऊन निघाले तेव्हा त्यांनी ह्यांना थांबवलं.

"बाळू, रविवारी फायनलला उतरू नगंस."

"आई, अगं..."

"तुझ्या बाचं नाव हुतं ह्या पेठंत. लोक दाराला चाळण बांधून जायाला लागलं. तूच तालमीत सांग, हात दुखालाय म्हणून. त्यांनी काढण्यापेक्षा आपण बाजूला हुयाचं."

हे आईपुढं कधी बोलत नसत. सात वर्षांच्या संसारात मी त्यांना आईला उलट उत्तर देताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मान खाली घालून "बरं" म्हटलं आणि सायकल काढली. अकराव्या वर्षापासून गोलमध्ये उभा राहिलेला माणूस, तालीम पंधरा वर्षांनी फायनलला पोचलेली, आणि हा बाबा "बरं" म्हणून कामाला चालला! माझ्या डोक्याची शीरच उठली. राग आत्तींचा नव्हता. त्या बिचाऱ्या जे कानावर पडेल त्यावर विश्वास ठेवणार. राग त्या कानात बोलणाऱ्याचा होता.

शनिवारी रात्री आठला तालमीच्या फळ्यावर फायनलची अकरा नावं लागणार होती. हे कामावरून आले की तालमीत जाऊन सांगून टाकणार होते. आणि त्याच शनिवारी सहा वाजता केबलवर इंगवले सरांचा खास कार्यक्रम होता. समालोचनाला वीस वर्षं पूर्ण. प्रेक्षकांनी फोन करायचे आणि सरांनी बसल्या जागेवरून उत्तरं द्यायची.

मी भाभीकडं गेले. सोपा भरलेला होता. टीव्हीवर सरांच्या गळ्यात हार आणि एकामागून एक कौतुकाचे फोन. "सर, तुमच्यासारखं कुणी न्हाई." "सर, तुमच्या आवाजाशिवाय मॅच अळणी."

"भाभी, फोन लाव," मी म्हटलं.

"काय बोलणार हाईस?"

"तुझी यादी आण."

चौदा वेळा लाइन बिझी लागली. पंधराव्यांदा लागली आणि माझाच आवाज मला टीव्हीतून ऐकू आला. आता मागं फिरायचं कसं?

"बोला ताई. कुठनं बोलताय?"

"पेठेतनं. सर, तुमचं कौतुक झालं, आता जरा चुका ऐकता काय?"

सर हसले. "ऐकतो की. बोला."

"बुधवारच्या मॅचला बाविसाव्या मिनिटाला तुम्ही गोलकिक म्हणालासा. ती कॉर्नर हुती. तेहतिसाव्याला हेडर मारला चार नंबरनं, तुम्ही नाव घेतलंसा सात नंबरचं. पहिला गोल झाला तेव्हा बॉल खड्यावर आपटून वळला. तुम्ही म्हणालासा हातातनं सुटला. त्याच्या आधीच्या मॅचला..."

"ताई, ताई, जरा दमानं," सर म्हणाले. स्टुडिओत कुणीतरी हसलं. "एवढं सगळं बघता, मग सैपाक कवा करता?"

 सोप्याच्या कोपऱ्यातनं कुणीतरी "घ्या" म्हटलं.

"सैपाक करता करताच बघतो सर. तुम्हीच शिकवलासा. ऑफसाइड तुम्ही शिकवलासा, मॅन टू मॅन तुम्ही शिकवलासा. वीस वर्सं शिकवून आता आमी परीक्षा घ्यायची न्हाई व्हय? त्या गोलकीपरला तुम्ही चाळण म्हणालासा. लोक त्याच्या दाराला चाळण बांधून जायाला लागलेत. तुमी बोलून मोकळं हुता. ऐकणारं माणूस कोण हाय, त्याचं काय हुतंय, ह्याचा कधी विचार केलासा?"

आमच्याकडं बायकासुद्धा 'आलो, गेलो, बघतो' असंच बोलतात, त्यामुळं माझ्या बोलण्यात दम जरा जास्तच वाटला असावा.  सरांनी टेबलावर थाप मारली.

"लांबनं बोलायला सोपं असतंय ताई. उद्या या स्टेडियमवर. माझ्या शेजारी खुर्ची ठेवतो, माईक देतो. नव्वद मिनिटं बोलून दाखवा. हाय तयारी?"

भाभीनं माझा दंड धरला. मी म्हटलं, "येतो. पण चिंचबागच्या गोलमधे तोच गोलकीपर पायजे. दुसरा उभा ऱ्हायला तर माझं येणं रद्द."

"मंजूर!" सर म्हणाले. "नाव काय ताई तुमचं?"

"सुनंदा."

"आडनाव?"

"आडनावाचं काय काम? चुका तुमच्या हाईत."

फोन ठेवला आणि सोप्यात जो गिल्ला झाला तो तालमीपर्यंत ऐकू गेला असेल. आठ वाजता फळ्यावर पहिलंच नाव ह्यांचं होतं. हे सांगायला गेले होते, पण तालमीच्या वस्तादांनी ऐकूनच घेतलं नाही. निम्मं गाव उद्या त्या गोलकीपरलाच बघायला येणार म्हणाले.

घरी मात्र वेगळाच प्रसंग. आत्ती भिंतीला टेकून बसल्या होत्या. शेजारणीनं त्यांना सगळं सांगितलं होतं.

"पोराला चव्हाट्यावर आणलंस," त्या म्हणाल्या. "काल पेठ हसत हुती, उद्या सगळं गाव हसंल. आणि तिथं बसून काय नवऱ्याचं नाव घेऊन हाका मारणार हाईस?"

त्या काळी आमच्या घरात नवऱ्याचं नाव घ्यायचं ते लग्नात, हळदीकुंकवाला, तेही आढेवेढे घेत. एरवी "हे", "अवो", नाहीतर "आमचं माणूस".

"न्हाई आत्ती. गोलकीपर म्हणीन. नाव न्हाई घेणार."

"शब्द दे."

मी शब्द दिला. ह्यांनी सगळं ऐकलं होतं. सकाळी बूट पुसता पुसता मला एवढंच विचारलं, "माझं चुकलं तर चुकलं म्हणशील?"

"म्हणीन."

"मग जा."

सरांची जागा म्हणजे काही खोली नव्हती. प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर अगदी वरती, दक्षिणेकडच्या टोकाला एक टेबल, वर कापडाचं छत, दोन माईक आणि एक थर्मास. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. हजारो पुरुष मागं वळून बघत होते. एवढ्या गर्दीत बाईमाणूस म्हणजे मी आणि माझ्यासोबत आलेल्या भाभीच्या सासूबाई, त्यांनी तर आल्या आल्या डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटले.

इंगवले सर टीव्हीत दिसायचे त्याहून बारीक होते. त्यांनी उठून नमस्कार केला, चहा दिला. टेबलावर दोन्ही संघांच्या याद्या होत्या. त्यातली अक्षरं भिंतीवरच्या निवडणुकीच्या जाहिरातीएवढी मोठी. मला तेव्हा फक्त नवल वाटलं.

मॅच सुरू झाली. समोर 'जुना बुरूज'चा संघ, गेली तीन वर्षं चषक त्यांच्याकडं. पहिल्या हाफमध्ये हे आमच्या जवळच्या गोलमध्ये होते. सरांनी जे समालोचन केलं त्याला तोड नव्हती. बॉल कुणाकडं आहे, कुणाच्या मनात काय आहे, वारा कुठनं येतोय, सगळं. दोनदा ह्यांनी झेप घेऊन बॉल ओढला, दोन्ही वेळा सर मनापासून "वा, साळोखे!" म्हणाले. मी बसून राहिले. एकदा तर वाटलं, आपण उगाच तोंड चालवलं. विसाव्या मिनिटाला आपल्या नऊ नंबरनं पलीकडं गोल मारला. गर्दी उठली. सर ओरडले, "गोल!" आणि माईकवर हात ठेवून हळूच माझ्याकडं झुकले.

"कुणी मारला?"

मी त्यांच्याकडं बघितलं. ते समोर बघत होते. त्या लांबच्या गोलकडं, डोळे बारीक करून, पण जिथं पोरं एकमेकांवर पडली होती तिथं त्यांची नजर नव्हती. दहा हात बाजूला होती.

"नऊ नंबर," मी पुटपुटले.

"नऊ नंबर जाधव!" सर माईकमध्ये गरजले.

मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाभीच्या कॅलेंडरमागची यादी मला पाठ होती. कॉर्नर, हेडर, खडा, सगळ्याच्या सगळ्या चुका त्या पलीकडच्या गोलमधल्या होत्या. जवळच्या गोलमधली एकही नाही.

मध्यांतरात मी विचारलं, "सर, तुमास्नी पलीकडचा गोल दिसत न्हाई व्हय?"

थर्मासचं झाकण लावता लावता ते थांबले. "साखरेनं डोळं खाल्लं," ते म्हणाले. "दोन वर्सं झाली. आधी गर्दीच्या आवाजावर अंदाज यायचा. आता त्यो बी चुकतोय." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "माईक चालू झाला की सांगून टाका. तुमचा हक्क हाय. वीस वर्सांचा कार्यक्रम कालच झालाय, शेवट आज हुईल."

घरात एक माणूस डोळे गेल्यामुळं ज्याच्या आवाजावर जगत होतं, त्याचेच डोळे गेलेले. मला संताप आला, अगदी आतून आला. न दिसणाऱ्या माणसानं माझ्या नवऱ्याला चाळण म्हणावं? पण समोर बसलेला तो म्हातारा थर्मासचं झाकण चाचपत होता आणि मला आत्तींचा कडी चाचपणारा हात आठवला.  मी माईक माझ्याकडं ओढला आणि म्हटलं, "जवळचा गोल तुमचा, लांबचा माझा."

दुसऱ्या हाफमध्ये हे लांबच्या गोलमध्ये गेले.

पहिली पाच मिनिटं मी काय बोलले ते मला आजही आठवत नाही.  मग मी डोळ्यांपुढं आत्तींना आणलं. टीव्हीला खेटून बसलेल्या आत्तींना सांगायचं झालं तर कसं सांगितलं असतं? मग जमलं. "बॉल उजव्या अंगानं आलाय. गोलकीपर दोन पावलं पुढं आला. पोटाशी धरला. आता उठला, मारला लांब." असं साधंच. सर मान डोलवायला लागले.

सत्तराव्या मिनिटाला जुना बुरूजच्या दहा नंबरनं लांबून साधाच फटका मारला. अगदी साधा. आमच्या गल्लीतल्या पोरानं अडवला असता. ह्यांनी दोन्ही हात पुढं केले, बॉल हातात बसला आणि हातातून निसटून मागं गेला. खडा नव्हता. वळला नव्हता. सुटला होता.

स्टेडियम फुटलं. "चाळण! चाळण!" सरांनी माझ्याकडं तोंड वळवलं. त्यांना काही दिसलं नव्हतं, ते वाट बघत होते. मी खड्यावर आपटला म्हटलं असतं तर तेही तसंच म्हणाले असते. घरी आत्तींनी तेच खरं मानलं असतं. सगळं माझ्या जिभेवर होतं.

"सुटला," मी म्हणाले. "हातातनं सुटला. ही चूक गोलकीपरची. एक-एक झालं."

बोलताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. सरांनी माईकवर हात ठेवून विचारलं, "तुम्ही त्याच्या कोण?"

"बायको."

 सरांना वाटलं असतं तर माईकवर सांगून गावभर हशा उठवता आला असता. त्यांनी हात काढला आणि पुढची फ्रीकिक सांगायला लागले.

नव्वद मिनिटं संपली, एक-एकच. टायब्रेकर! आणि पंचांनी बोट दाखवलं ते लांबच्या गोलकडं. दहाच्या दहा किक तिथं. सरांनी दोन्ही माईक माझ्याकडं सरकवले आणि खुर्ची मागं घेतली.

"मला बी सांगा," ते म्हणाले. "मीबी ऐकतो."

पहिल्या तीन किकांना दोन्हीकडून गोल. मी सांगत होते, "गोलकीपर डावीकडं गेला, बॉल उजवीकडं. गोल." तीन-तीन. आपली चौथी आत गेली. त्यांच्या चौथ्याला हे थांबले, शेवटपर्यंत हललेच नाहीत, आणि मग एका हातानं बॉल खांबाबाहेर लोटला.

"अडवला!" मी किंचाळले. "गोलकीपरनं अडवला!"

सर पुढं झाले. "कुठल्या गोलकीपरनं? टीव्हीपुढं सगळ्यांस्नी दिसतंय असं समजू नका. मला दिसत न्हाई. असं घरोघरी कुणीतरी असंल."

 होतंच की असं कुणीतरी.

आपली पाचवी किक आडव्या खांबावर आदळून वर गेली.  चार-तीन. त्यांची शेवटची राहिली. आत गेली तर पुन्हा बरोबरी, अडवली तर पंधरा वर्षांनी चषक आपला. दहा नंबरनं बॉल ठेवला. तोच, ज्याचा साधा फटका सुटला होता.

"दहा नंबर मागं गेलाय. सहा पावलं. गोलकीपर रेषेवर हाय, हात पसरलेत. शिट्टी झाली. आला. मारला डाव्या कोपऱ्यात, वरनं..."

तो झेपावला. मातीपासून माणूसभर उंचीवर आडवा झालेला तो मला आजही दिसतो. आणि माझ्या तोंडून निघालं. "सर्जेराव! सर्जेरावनं अडवला! सर्जेरावनं! दोन्ही हातांनी धरला, सोडला न्हाई, छातीशी धरून पडलाय! सर्जेराव साळोखे! चिंचबाग जिंकली!"

शब्द मोडला होता. गावभर, केबलवर, तीनदा की चारदा. पण मला त्या क्षणी कशाचीच लाज वाटली नाही. खाली मैदानावर माणसांचा लोंढा घुसला, हलगी कडाडली. इंगवले सरांनी एक माईक उचलला. ते बसले नाहीत, उभे राहून बोलले.

"मंडळी, मी इंगवले. मला पलीकडचा गोल दोन वर्सं दिसत न्हाई. बुधवारी साळोखेला मी चाळण म्हणालो ते न बघता म्हणालो. त्याच्या आधी बी न बघता म्हणालो. ज्यांनी त्याच्या दाराला चाळण बांधली त्यांनी ती आता माझ्या दाराला बांधावी. आज जे तुम्ही ऐकलासा ते बघून बोललेलं हुतं. इथनं पुढं हे टेबल सुनंदाताईंचं."

मी घरी पोचले तेव्हा गल्ली गुलालानं लाल झाली होती. ह्यांना अजून खांद्यावरून खाली उतरवलं नव्हतं. भाभी धावत आली आणि मला मिठी मारून रडायला लागली. आत्ती तिच्याकडं येणार नाही म्हणून सकाळी हटून बसल्या होत्या, पण भाभीनंच त्यांना हाताला धरून आणलं होतं. त्या अजून भाभीच्या टीव्हीपुढंच होत्या. टीव्ही बंद होता.

मी पाया पडले. "आत्ती, चुकलं माझं. नाव घेतलं."

आत्तींनी माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. गाल, कपाळ, ओले डोळे.

"सुटला तेव्हा सुटला म्हणालीस," त्या म्हणाल्या. "तवा माझं काळीज फाटलं गं. पण म्हणून मग अडवला म्हणालीस ते मला खरं वाटलं. माझ्या पोरानं अडवला ते मी बघितलं."

 सगळ्या बायका डोळे पुसत होत्या. आत्तींनी माझा हात सोडला आणि त्यांचा आवाज एकदम कडक झाला.

"पण चवथ्याला नुसतं अडवला म्हणून मोकळी झालीस. कुठल्या हातानं अडवला ते सांगितलंस काय? ह्या मास्तरनं असं कधी सोडलं नसतं."

"उजव्या हातानं आत्ती."

"मग असं धड सांगायचं," त्या म्हणाल्या आणि मांडी घालून नीट बसल्या. "चल, बस हितं. पहिल्या किकपास्नं परत सांग. आणि गोलकीपर, गोलकीपर करू नगंस. नाव घेऊन सांग."